निवेदक गेले, शो राहिला: ‘टॉप गिअर’वाले तिघं बीबीसी सोडून ॲमेझॉनकडे गेले तेव्हा नेमकं काय बदललं?

२०१५ मध्ये मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला हॉस्टेलवर राहायला गेलो. रूममध्ये आम्ही तिघं, एक लॅपटॉप, आणि सिनियर्सकडून वारशाने आलेली एक हार्डडिस्क. त्यातला सगळ्यात मोठा फोल्डर होता ‘टॉप गिअर’चा. तो कुठून आला हे विचारायचं नसतं, एवढी अक्कल पहिल्या आठवड्यातच आली होती. बीबीसीचा हा कार शो. जेरेमी क्लार्कसन, रिचर्ड हॅमंड आणि जेम्स मे हे तीन निवेदक. आमच्यापैकी एकाकडेही कार नव्हती, तरी रात्री दोन वाजेपर्यंत बघायचो. २०११ चा त्यांचा इंडिया स्पेशल तर पाठ झालेला, कारण त्यात ते मुंबईत येऊन डबेवाल्यांचं काम कारने करून बघतात आणि मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये त्यांची जी व्हायची ती होते. (त्या भागातल्या विनोदांवरून भारतीय उच्चायुक्तालयाने बीबीसीकडे तक्रारही केली होती.)

त्याच सुमारास बातमी आली की हे तिघं आता बीबीसीवर नाहीत, ॲमेझॉनसाठी शो करणार. आमच्यासाठी ॲमेझॉन म्हणजे पुस्तकं आणि मोबाईल कव्हर मागवायची साइट. माझा रूममेट म्हणाला, “म्हणजे आता हे कारचे सीट कव्हर विकणार का?”

हसलो आम्ही. पण प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं.

आज तुमच्या फोनवर जेवढे ॲप आहेत, त्यातल्या अर्ध्यांवर कुठल्यातरी जुन्या टीव्ही चॅनेलचा चेहरा दिसतो. ह्या स्थलांतराची सगळ्यात नीट नोंद झालेली केस म्हणजे टॉप गिअर. ती समजली की स्ट्रीमिंगचं तंत्र, पैसा आणि हक्क हे तिन्ही बऱ्यापैकी समजतात. म्हणून तीच घेऊया.

भांडण कशावरून झालं

आधी थोडक्यात घटना. मार्च २०१५ मध्ये इंग्लंडच्या नॉर्थ यॉर्कशायरमधल्या एका हॉटेलात, शूटिंगच्या दिवसानंतर, गरम जेवण मिळालं नाही म्हणून क्लार्कसनने शोच्या एका प्रोड्युसरला शिवीगाळ केली आणि मारलं. तो प्रोड्युसर हॉस्पिटलमध्ये गेला. बीबीसीने चौकशी नेमली. चौकशीत हल्ला झाल्याचं स्पष्ट झालं आणि २५ मार्चला बीबीसीचे डायरेक्टर जनरल टोनी हॉल यांनी जाहीर केलं की क्लार्कसनचा करार वाढवला जाणार नाही. त्याला परत घ्या म्हणून १० लाखांहून जास्त लोकांनी ऑनलाइन सह्या केल्या होत्या. हॅमंड आणि मे यांना बीबीसीने काढलेलं नव्हतं, पण दोस्तासोबत तेही बाहेर पडले. शोचा मुख्य प्रोड्युसर अँडी विल्मन, म्हणजे क्लार्कसनचा शाळेपासूनचा मित्र, तोही गेला.

३० जुलै २०१५ ला ॲमेझॉनने घोषणा केली: तीन सीझन, ३६ भाग, हीच टीम. म्हणजे सहकाऱ्याला मारल्यामुळे काम गेलं, आणि चार महिन्यांत त्याहून मोठं काम मिळालं. मला शो आवडायचा, अजूनही आवडतो. पण ही गोष्ट सांगताना हा भाग गाळून “बघा कसं कमबॅक केलं” एवढंच सांगणारे व्हिडिओ मला पटत नाहीत. मार खाणाऱ्याचं नाव त्या १० लाखांतल्या किती जणांना आठवत असेल?

शो नक्की कोणाचा असतो?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून नीट समजून घ्या.

मी सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. उद्या नोकरी सोडली तर मी लिहिलेला कोड बरोबर नेऊ शकत नाही, तो कंपनीचा. पण तो कोड कसा लिहायचा हे ज्ञान माझ्या डोक्यात आहे, ते काढून घेता येत नाही. टीव्हीचंही असंच आहे. ‘टॉप गिअर’ हे नाव बीबीसीचं. लोगो, पांढऱ्या हेल्मेटमधला ‘द स्टिग’, सेलिब्रिटीला साधी कार देऊन ट्रॅकवर पळवायचा तो सेगमेंट, जुने सगळे भाग, हे सगळं बीबीसीचं. तिघांचं स्वतःचं काय? चेहरा, आवाज, एकमेकांची खेचायची सवय.

गंमत अशी की काही वर्षं शोच्या कमाईत क्लार्कसनचा थेट वाटा होता. तो आणि विल्मन यांची बीबीसीच्या व्यापारी शाखेबरोबर एक भागीदारीतली कंपनी होती, ‘बेडर ६’ नावाची. जगभर शो विकून, मासिकं आणि डीव्हीडी विकून येणाऱ्या पैशात ती वाटेकरी होती. २०१२ मध्ये बीबीसीच्या व्यापारी शाखेने त्या दोघांचा हिस्सा विकत घेतला. म्हणजे २०१५ ला तिघं बाहेर पडले तेव्हा ब्रँड पूर्णपणे बीबीसीकडे होता, आणि माणसं पूर्णपणे बाहेर.

मग नवीन शोमध्ये काय करता येतं? कायद्यात कल्पनेवर मालकी नसते. “तीन मध्यमवयीन माणसं कार चालवतात आणि भांडतात” ह्यावर कोणी हक्क सांगू शकत नाही. पण नाव, पात्र आणि सेगमेंटची ठरावीक मांडणी उचलली तर कोर्टात जावं लागतं. त्यामुळे ‘द ग्रँड टूर’ नावाच्या नव्या शोमध्ये सगळं मुद्दाम थोडं वेगळं केलेलं दिसतं. स्टुडिओऐवजी तंबू, तोही देशोदेशी फिरणारा. स्टिगऐवजी बडबड करणारा एक अमेरिकन ड्रायव्हर. सेलिब्रिटीच्या सेगमेंटची तर त्यांनी चेष्टाच केली: पहिल्या सीझनमध्ये दर आठवड्याला पाहुणा यायचा आणि तंबूत पोचायच्या आधीच ‘मरायचा’, म्हणजे मुलाखत घ्यायचा प्रश्नच नाही.

पहिल्या दोन वेळा हसू येतं. नंतर तो विनोद नसून वकिलाच्या सूचनेवरचा पॅच आहे असं वाटायला लागतं. आमच्याकडे लायसन्सच्या भानगडीमुळे एखादी लायब्ररी काढून तिच्यासारखीच दुसरी घाईत लिहिली की कोडमध्ये असंच दिसतं. दुसऱ्या सीझनला अमेरिकन ड्रायव्हर आणि मरणारे सेलिब्रिटी दोन्ही गेले. तंबू इंग्लंडमध्येच एका जागी ठोकला. आणि तिसऱ्या सीझननंतर तंबूही गेला, फक्त लांब प्रवासाचे स्पेशल भाग उरले. जे फक्त त्या तिघांचंच होतं तेवढं शेवटपर्यंत टिकलं.

एका बाजूला लायसन्स फी, दुसऱ्या बाजूला ‘फर्स्ट स्ट्रीम’

बीबीसी कशी चालते? ब्रिटनमध्ये घरात टीव्ही बघायचा तर दर वर्षी लायसन्स फी भरावी लागते. २०१५ मध्ये ती घरटी १४५ पौंड ५० पेन्स होती. त्या बदल्यात ब्रिटनमध्ये बीबीसीवर जाहिराती नाहीत. सगळ्यांनी पैसे भरलेत, म्हणून सगळ्यांसाठी काहीतरी द्यायचं: बातम्या, शेती, लहान मुलं, वेल्श भाषेतले कार्यक्रम, आणि कार शो. टॉप गिअरसारखा शो जगभर विकून जो पैसा यायचा तो परत ह्याच पोत्यात जायचा. त्यामुळे हे तिघं जाणं म्हणजे फक्त चेहरे जाणं नव्हतं.

ॲमेझॉनचा हिशोब अगदी वेगळा. जेफ बेझोसने २०१६ मध्ये एका मुलाखतीत उघडच सांगितलं होतं की आम्ही गोल्डन ग्लोब जिंकलो की आमचे बूट जास्त विकले जातात. म्हणजे शो हे प्राइम मेंबरशिपचं आमिष. मेंबर झालात की खरेदी तिथूनच करणार. माझ्या रूममेटचं सीट कव्हर आठवा!

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं, त्याचा आकडाही होता. मार्च २०१८ मध्ये रॉयटर्सने ॲमेझॉनची अंतर्गत कागदपत्रं पाहून एक बातमी दिली. त्यात ‘फर्स्ट स्ट्रीम’ नावाचं माप होतं. माणूस प्राइमचा मेंबर झाल्यावर त्याने सगळ्यात पहिल्यांदा कुठला शो लावला, हे बघायचं. जो शो पहिला लावला, त्याच्यासाठीच हा माणूस आला असं धरायचं. मग शोचा खर्च भागिले असे फर्स्ट स्ट्रीम. ‘द ग्रँड टूर’च्या पहिल्या सीझनला जगभरात १५ लाखांहून जास्त फर्स्ट स्ट्रीम मिळाले, खर्च सुमारे ७ कोटी ८० लाख डॉलर, म्हणजे एका नव्या मेंबरमागे ४९ डॉलर. अमेरिकेत प्राइमची वर्षाची फी तेव्हा ९९ डॉलर होती. धंद्याच्या भाषेत सौदा परवडला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थोडा वेळ थांबलो. आमच्या ऑफिसमध्ये ॲपच्या जाहिरातीसाठी अगदी हाच हिशोब करतात: एक युजर आणायला किती रुपये पडले. तिथे मला तो नॉर्मल वाटतो. पण एक तासाचा शो, ज्यावर शेकडो माणसं राबली, तो आवडला की नाही हा प्रश्न ह्या मापात येतच नाही. तुम्ही आधीपासूनच मेंबर असाल आणि शो तीनदा बघितला असेल, तरी तुमचा फर्स्ट स्ट्रीम शून्य. ॲमेझॉन फक्त हेच माप बघत असेल असं मी म्हणत नाही. पण एखादा चांगला चाललेला शो अचानक का बंद झाला असं आपण म्हणतो, तेव्हा ‘चाललेला’ म्हणजे काय हे त्यांचं आणि आपलं वेगळं असू शकतं.

जुन्या टीव्हीचं मोजमापही काही फार थोर नव्हतं बरं का. ब्रिटनमध्ये साधारण ५ हजार घरांत मीटर लावून पूर्ण देशाचा अंदाज काढायचे. आपल्याकडे बार्क हेच करते. चॅनेलच्या आवाजात कानाला न ऐकू येणारा वॉटरमार्क टाकतात आणि घरातलं मीटर तो ओळखतं. फरक एवढाच की तो आकडा सगळ्यांना दिसायचा. निवेदक स्वतः बघू शकायचा, वर्तमानपत्रं छापायची, चर्चा व्हायची. स्ट्रीमिंगमध्ये तुमच्या फोनवरचा प्लेयर दर काही सेकंदांनी सर्व्हरला कळवतो की तुम्ही कुठे पॉज केलं, कुठे पुढे ढकललं, कुठल्या मिनिटाला कंटाळून बाहेर पडलात. माहिती हजार पटीने जास्त, पण ती कंपनीच्या कपाटात.

सिग्नल आणि स्ट्रीम

आता माझ्या आवडीचा भाग.

टीव्ही प्रसारण म्हणजे गावच्या देवळावरचा भोंगा. एकदा लावला की ऐकणारे दहा असोत की दहा हजार, वीज तेवढीच लागते. टॉवरवरून एकच सिग्नल निघतो आणि प्रत्येक अँटेना तोच पकडतो. प्रेक्षक वाढले म्हणून बीबीसीचा खर्च वाढत नाही. पण त्या सिग्नलमध्ये जागा ठरलेली, चॅनेल ठरलेले, वेळ ठरलेली. रविवारी रात्री एक तास म्हणजे एकच तास. परदेशी चॅनेलवर जाहिराती घुसवायच्या असतील तर भाग कापून छोटा करायचा.

स्ट्रीमिंग म्हणजे डबेवाला. प्रत्येकाला वेगळा डबा, त्याच्या पत्त्यावर. दहा लाख लोक बघत असतील तर दहा लाख वेगळ्या जोडण्या. प्रेक्षक वाढला की खर्च वाढतो. म्हणून कंपन्या डबा मुख्य किचनमधून आणत नाहीत. प्रत्येक शहराजवळ सर्व्हर ठेवतात आणि लोकप्रिय भागांच्या कॉपी तिथे आधीच आणून ठेवतात. ह्याला सीडीएन म्हणतात. नेटफ्लिक्स तर आपली स्वतःची मशीन थेट इंटरनेट कंपन्यांच्या इमारतीत बसवते. तुम्ही नाशिकमध्ये बसून प्ले दाबता तेव्हा व्हिडिओ अमेरिकेतून येत नाही, बहुतेक वेळा आपल्याच देशातल्या मशीनवरून येतो.

डब्याचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे तो भुकेप्रमाणे भरतात. एकच भाग आधीच सात-आठ वेगवेगळ्या क्वालिटीत तयार करून ठेवलेला असतो. प्रत्येकाचे दोन ते दहा सेकंदांचे तुकडे. तुमचा प्लेयर प्रत्येक तुकड्याआधी बघतो की मागचा तुकडा किती वेगाने आला आणि बफरमध्ये किती शिल्लक आहे. मग पुढचा तुकडा मोठा मागवायचा की छोटा हे ठरवतो. लोकलमध्ये बसून बघताना चित्र मध्येच धूसर होतं आणि परत स्वच्छ होतं ते ह्यामुळे. आधी अख्खा व्हिडिओ थांबून गोल फिरत बसायचा, त्यापेक्षा हे बरं.

कार शोसाठी हे जास्त अवघड असतं. व्हिडिओ कॉम्प्रेस करताना प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत, आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच साठवतात. तंबूत तिघं बसून गप्पा मारताना पाठीमागचं काहीच हलत नाही, त्यामुळे डेटा कमी लागतो. पण वाळवंटात धूळ उडवत तीन कार पळाल्या की प्रत्येक कण हलतो. तिथे बिटरेट कमी पडला की धुळीचे चौकोन दिसायला लागतात. ‘द ग्रँड टूर’ ४के आणि एचडीआरमध्ये शूट केलेला शो. ४केसाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस स्पीड सुचवते. गणित करा: सेकंदाला १५ मेगाबिट, गुणिले ३,६०० सेकंद, भागिले ८. तासाला ६,७५० मेगाबाइट, म्हणजे पावणेसात जीबी. रोजचा दीड जीबीचा पॅक असणाऱ्याने काय करायचं? काळजी नको, फोनच्या स्क्रीनवर एक एमबीपीएसच्या आसपासचा तुकडाही चालून जातो. म्हणजे तासाला साधारण ४५० एमबी.

फक्त एक अडचण लक्षात ठेवा, कारण ती मी स्वतः भोगली आहे. कॉलेजमध्ये असताना हौस म्हणून मी फोनचा बूटलोडर अनलॉक करून कस्टम रॉम टाकली. नंतर नेट कितीही फास्ट असलं तरी स्ट्रीमिंग ॲप एचडी देईचना. दोन दिवस वायफायला शिव्या घातल्या. कारण निघालं वाइडवाइन. अँड्रॉइडमध्ये व्हिडिओची कॉपी होऊ नये म्हणून असलेलं हे कुलूप. एल१ लेव्हल म्हणजे व्हिडिओ फोनच्या चिपमधल्या सुरक्षित भागात उघडतो. एल३ म्हणजे फक्त सॉफ्टवेअरमध्ये. बूटलोडर उघडला की बऱ्याच फोनमध्ये एल१ वरून एल३ वर घसरण होते आणि मग ॲप तुम्हाला साध्या क्वालिटीवरच ठेवतात. तुमचा फोन कुठल्या लेव्हलला आहे ते नेटफ्लिक्सच्या ॲप सेटिंगमध्ये ‘प्लेबॅक स्पेसिफिकेशन’ उघडलं की दिसतं. सेकंडहँड फोन घेताना हे जरूर तपासा, विकणारा स्वतःहून सांगत नाही.

भारतात ते कसे पोचले

‘द ग्रँड टूर’चा पहिला भाग १८ नोव्हेंबर २०१६ ला आला, पण प्राइम व्हिडिओ तेव्हा मोजक्या देशांत होतं. महिन्याभरात, १४ डिसेंबर २०१६ ला, ॲमेझॉनने ते २०० हून जास्त देशांत सुरू केलं. त्यात भारतही होता. त्या घोषणेत सगळ्यात पुढे ठेवलेला शो हाच.

ह्यामागचं कारण हक्कांचं आहे. बीबीसीला लायसन्स फी ब्रिटिश माणूस देतो, म्हणून तिचं आयप्लेयर ॲप फक्त ब्रिटनमध्ये चालतं. बाहेरच्या देशात प्रत्येक ठिकाणी वेगळ्या चॅनेलला वेगळा करार. भारतात कधी ह्या चॅनेलवर, कधी कुठेच नाही, आणि म्हणून आमच्यासारख्यांच्या हार्डडिस्क. टॉप गिअरची नोंद २०१३ च्या गिनीज बुकात जगातला सगळ्यात जास्त बघितला जाणारा फॅक्च्युअल शो म्हणून झाली होती. एवढी मागणी, आणि द्यायला एक दुकान नाही. ॲमेझॉनने एकदाच सगळ्या जगाचे हक्क स्वतःकडे ठेवले आणि एकाच दिवशी सगळीकडे दिलं. बीबीसीला हे तंत्र येत नव्हतं असं नाही. आयप्लेयर तर २००७ पासून आहे, म्हणजे नेटफ्लिक्सच्या स्ट्रीमिंगच्याच वयाचं. पण दुसऱ्या देशातल्या प्रेक्षकाला फुकट दाखवायला तिथल्या लोकांनी पैसे का द्यायचे?

इकडे बीबीसीवर

शो बंद नाही झाला. बीबीसीने ख्रिस इव्हान्सला आणलं, सोबत ‘फ्रेंड्स’मधला मॅट लेब्लांक. मे २०१६ मध्ये पहिला भाग ४४ लाख लोकांनी बघितला, सीझनच्या शेवटच्या भागाला १९ लाख उरले, आणि इव्हान्सने दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. ब्रँड घरात ठेवून माणसं बदलली की काय होतं त्याचं ह्याहून स्वच्छ उदाहरण मिळणार नाही.

पण गोष्ट तिथे संपत नाही. २०१९ मध्ये नवी तिघांची जोडी आली आणि तिने शो बऱ्यापैकी सावरला. त्यात एक चेहरा आपल्या ओळखीचा: अँड्र्यू फ्लिंटॉफ. हो, तोच. फेब्रुवारी २००२ मध्ये वानखेडेवर शर्ट काढून धावलेला, ज्याचं उत्तर सौरव गांगुलीने त्याच जुलैत लॉर्ड्सच्या बाल्कनीतून दिलं. डिसेंबर २०२२ मध्ये शूटिंग करताना त्याचा गंभीर अपघात झाला, चेहऱ्याला मोठ्या जखमा झाल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये बीबीसीने सांगितलं की ब्रिटनमधला शो पुढच्या काळासाठी थांबवत आहोत.

न भांडता गेलेला माणूस

सगळेच काही दार आपटून जात नाहीत. डेव्हिड ॲटनबरो १९५२ मध्ये बीबीसीत लागले. ते नुसते निवेदक नव्हते. १९६५ मध्ये बीबीसी टू चॅनेलचे प्रमुख झाले आणि १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये रंगीत टीव्ही सुरू झाला तो त्यांच्याच चॅनेलवर. म्हणजे त्या काळातला ४के म्हणा. हेच ॲटनबरो वयाच्या ९२ व्या वर्षी, एप्रिल २०१९ मध्ये, नेटफ्लिक्सच्या ‘अवर प्लॅनेट’मध्ये बोलताना दिसले. शो बनवणारी टीमही बरीचशी बीबीसीत तयार झालेली. ‘प्लॅनेट अर्थ’ केलेले ॲलिस्टर फॉदरगिल बाहेर पडून स्वतःची कंपनी चालवत होते. बीबीसीने पन्नास वर्षं शिकवलेलं कौशल्य नेटफ्लिक्सला तयार मिळालं, पण ॲटनबरोंनी बीबीसी सोडली नाही. त्याच वर्षी तिकडेही त्यांची मालिका आली. मला ही तऱ्हा जास्त आवडते, पण ती परवडायला ॲटनबरो असावं लागतं.

पगाराचा मुद्दाही राहायला नको. बीबीसी सार्वजनिक पैशावर चालते म्हणून जुलै २०१७ पासून तिला ठरावीक रकमेच्या वर मिळवणाऱ्यांची यादी छापावी लागते (सुरुवातीला ही रक्कम दीड लाख पौंड होती). पहिल्याच यादीत पुरुष आणि बायकांच्या मानधनातली दरी सगळ्या देशाला दिसली आणि त्यावरून मोठा वाद पेटला. काही निवेदिकांनी जाहीर भांडून हक्काचे पैसे मिळवले. स्ट्रीमिंग कंपनीला अशी यादी छापावी लागत नाही. क्लार्कसन, हॅमंड आणि मे यांना नेमके किती मिळाले ह्यावर ब्रिटिश पेपरांनी तर्क लढवले, बस. तुम्ही निवेदक असाल आणि तुमचा पगार पेपरात छापून येत असेल, तर दुसरीकडे जावंसं वाटणं साहजिक आहे. पण शेजारच्या खुर्चीतल्या बाईला आपल्याला कमी मिळतं हे कळायचा मार्गही त्याबरोबर जातो.

आणि जाहिराती? बीबीसीवर नव्हत्या, ‘द ग्रँड टूर’ आला तेव्हा प्राइमवरही शोच्या मध्ये नव्हत्या. फेब्रुवारी २०२४ पासून ब्रिटनमध्ये प्राइम व्हिडिओवर जाहिराती सुरू झाल्या, जून २०२५ पासून भारतातही. नको असतील तर सुरुवातीला वर्षाला ६९९ रुपये वेगळे मोजावे लागायचे.

आपल्याकडच्या सार्वजनिक प्रसारकाचं म्हणाल, तर प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्यात, इफ्फीच्या उद्घाटनाला, स्वतःचं ‘वेव्ह्ज’ ॲप आणलं. दूरदर्शनचे चॅनेल लाइव्ह, जुन्या मालिका, सगळं एका जागी. मी माझ्या आजीच्या फोनवर टाकून दिलं. सह्याद्रीच्या बातम्या आता ती अंगणात बसून बघते. ॲप कधी कधी अडखळतं, पण आजीची तक्रार ती नाही. तिची तक्रार अशी की पूर्वीचे वाचणारे आता का दिसत नाहीत.

तिघांचा शेवटचा भाग १३ सप्टेंबर २०२४ ला आला. झिम्बाब्वेतून गाड्या हाकत ते बोत्सवानाच्या मिठाच्या वाळवंटात, कुबू आयलंड नावाच्या खडकाळ टेकडीपाशी जाऊन थांबले. २००७ मध्ये बीबीसीसाठी ते ह्याच ठिकाणी येऊन गेले होते. मी तो भाग फोनवर बघितला, रात्री दोनला. मग हॉस्टेलच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकायला गेलो, तर आला नुसता काळा चौकोन. तेच कुलूप!